फोनवर सांगायचं नसतं

अळणावरच्या बाजूला माणूस गेल्याची बातमी फोनवर सांगत नाहीत. 'तब्येत बरी नाही, निघून या' एवढंच म्हणतात. ऐकणारा जागच्या जागी कोसळू नये, घाईत गाडीखाली सापडू नये, म्हणून ही रीत. तो पोचतो, दारातली गर्दी बघतो, आणि कळायचं ते कळतं तेव्हा सावरायला चार माणसं जवळ असतात. गोदावरीचा आजा वारला तेव्हा तिच्या आईला असंच बोलावलं होतं, आणि आजाला आवडतात म्हणून आई केळी घेऊन गेली होती. त्याचं कुणाला काही वाटलं नाही, घरोघरी असंच होतं. रीत वाईट नव्हती, मायेपोटीच पडलेली होती. पण ज्यांनी ती पाडली त्यांच्या डोळ्यांपुढं महामारी नव्हती, आणि हे गोदावरीच्या ध्यानात आलं तेव्हा एका बाईचं कधीही भरून न येणारं नुकसान होऊन गेलं होतं.

गोदावरी हुबळीत नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. तिचा बाप धोंडिबा अळणावरच्या लाकडाच्या डेपोत ट्रक भरायचा. 'आमची पोर सिस्टर होणार' हे त्यानं ड्रायव्हर लोकांना इतक्या वेळा ऐकवलं होतं, की त्यातले दोघंतिघं आपापली दुखणी तिच्यासाठी राखून बसले होते. तिचं होस्टेल उणकलला, तळ्यापासून हाकेच्या अंतरावर. २०२०च्या पहिल्या लाटेत कॉलेजनं सगळ्यांना घरी धाडलं आणि मोबाईलवर इंजेक्शन द्यायला शिकवलं. गोदावरीनं उशीला पंचवीसेक इंजेक्शनं दिली. उशीची काही तक्रार नव्हती. पुढच्या एप्रिलमध्ये दुसरी लाट आली तेव्हा शिकवायला कुणाला वेळच उरला नव्हता. तिसऱ्या वर्षाच्या सगळ्यांना बोलावून घेतलं, अंगावर किट चढवलं आणि सरळ कोविड वॉर्डात उभं केलं.

वॉर्डात नातेवाइकांना बंदी होती. म्हणून प्रत्येक पेशंटच्या घरी रोज एक फोन जायचा. ऑक्सिजन किती आहे, जेवला का, काय बोलला. डॉक्टरांना पाणी प्यायला उसंत नव्हती, तेव्हा हे काम आपसूकच विद्यार्थ्यांच्या गळ्यात पडलं. जिन्याखालच्या एका खोलीत एक टेबल, एक फोन आणि एक रजिस्टर. कानडी घरं प्रभंजनकडे, मराठी घरं गोदावरीकडे. प्रभंजन हा त्यांच्या वर्गातला सगळ्यात वात्रट मुलगा. मेसमध्ये प्राचार्यांची नक्कल करायचा, आणि ती इतकी हुबेहूब की एकदा स्वयंपाकी खरंच उठून उभा राहिला होता. मरणाचा फोन डॉक्टरांनीच करावा, असा नियम भिंतीवर छापून लावलेला होता. तो लावणाऱ्यानं दिवसाला असा एखादाच फोन धरला असावा.

मे महिन्यातल्या एका बुधवारी सकाळी अकरा वीसला सतरा नंबरच्या कॉटवरचे महादेव गेले. वय बावन्न, अळणावरच्या पुढं रानाला लागून असलेल्या वाडीचे. गोदावरी तेव्हा त्यांच्या कॉटपाशीच होती. गेले सहा दिवस त्यांच्या घरी फोन करणारीही तीच होती. बायकोचं नाव हिराबाई. फोन वाजायचा अवकाश, हिराबाई उचलायची, जणू हातात घेऊनच बसलेली असायची. ती रोज एकच विचारायची, जेवले काय. बाकी ऑक्सिजनबिक्सिजन तिच्या दृष्टीनं डॉक्टरांची भानगड होती.

डॉक्टर दुसऱ्या एकाच्या नळीत गुंतले होते. त्यांनी मान न वळवताच सांगितलं, "गोदावरी, मराठी आहेत ना? तूच कळव. तीनला गाडी येते. तीनच्या आत आले तर गेटजवळ तोंड बघायला मिळेल. नंतर नाही."

तीनला महापालिकेची गाडी यायची हे तिलाही माहीत होतं. शवागारात जागा नव्हती, गाडी कुणासाठी थांबत नव्हती. ती किट उतरवून, अंघोळ करून जिन्याखालच्या खोलीत आली तेव्हा बारा वाजायला वीस मिनिटं होती. तिनं नंबर फिरवला. पहिल्याच रिंगला हिराबाई बोलली, "हां, बोल गे पोरी."

आणि गोदावरीच्या तोंडून तेच निघालं जे तिच्या आईच्या, आजीच्या, गावातल्या कुणाच्याही तोंडून निघालं असतं.

"मावशी, मामांची तब्येत जरा बरी न्हाई. तुम्ही निघून या."

"बोलालेत काय?"

"न्हाई. झोपलेत."

"जेवले?"

"अजून न्हाई."

"बरं," हिराबाई म्हणाली, "येतो मी."

गोदावरीनं 'लवकर या, तीनच्या आत या' असं दोनदा बजावलं. रजिस्टरात लिहिलं, 'नातेवाइकांना कळवले, ११.४०'. मग पुढचा नंबर फिरवला. आपण काही चुकीचं केलं असं तिच्या मनातही आलं नाही. उलट आपल्याला हे नीट जमलं, असंच वाटलं.

हिराबाई साडेचारला पोचली. दिराच्या पिकअपमधून आली, हातात स्टीलचा डबा. वॉचमननं रजिस्टर बघितलं आणि कानडीत म्हणाला, "बॉडी होय्तु." बॉडी गेली. गोदावरी वरच्या मजल्याच्या खिडकीत होती. हिराबाई गेटशी डबा धरून उभी होती, आणि दीर तिच्या दंडाला धरून 'चल गे घरी' म्हणत होता. तेवढं अंतर असूनही गोदावरीनं तिला ओळखलं, कारण आयुष्यात कधी न बघितलेल्या त्या बाईला तिनंच बोलावून घेतलं होतं. ती खाली गेली नाही. किट अंगावर होतं, वॉर्ड सोडता येत नव्हता, ही दोन्ही कारणं खरी होती. पण किट नसतं तरी ती गेली नसती, आणि हे तिचं तिला पक्कं ठाऊक होतं.

कुणी तिला बोल लावला नाही. दिरानं गेटवर चार शिव्या हासडल्या, त्या हॉस्पिटलला. रजिस्टरात वेळ बरोबर लिहिलेली होती. डॉक्टर म्हणाले, बिचारे उशिरा पोचले. सगळं इतकं नीटनेटकं मिटलं की गोदावरीच्या अंगावर काटा आला.

त्यानंतर तिला पेज खाता येईना. होस्टेलला सकाळी पेजच असायची, तिचा वास आला की ती उठून जायची. त्या डब्यात काय होतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण अळणावरकडची बाई आजारी माणसासाठी दुसरं काय नेणार? हात धुवायला गेली की नळ बंद करायचा राहून जायचा. कुठंही फोन वाजला की कानात 'जेवले काय' ऐकू यायचं. खोलीतली मैत्रीण झोपली की गोदावरी तिचे श्वास मोजत बसायची. मोजता मोजता आपण मिनिटाला अठरा की वीस लिहायचे, याचा हिशोब करायला लागायची. ती एकटीच अशी होती असंही नाही. प्रभंजननं नक्कल सोडली होती. तो दुपारी न्हाणीघरात नळ सोडून बसायचा, अर्धा अर्धा तास, आणि बाहेर आल्यावर अंग कोरडं असायचं. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. विचारलं तर सांगावं लागलं असतं.

कॉलेजला अगदीच काळजी नव्हती असं मात्र म्हणता येणार नाही. त्यांनी मोबाईलवर एक फॉर्म पाठवला. 'तुम्हाला किती ताण जाणवतो? एक ते पाच.' सगळ्यांनी तीन लिहिलं. एक लिहिलं तर खोटं दिसतं, आणि पाच लिहिलं तर घरी फोन जातो, हे फॉर्म यायच्या आधीच वर्गात ठरलं होतं. मग बेंगळूरच्या एका बाईंनी ऑनलाइन येऊन दीर्घ श्वास घ्यायला शिकवलं. ऑक्सिजनसाठी तडफडणारी माणसं दिवसभर बघून आलेल्या साठ पोरांनी डोळे मिटून दीर्घ श्वास घेतले. बाईंच्या हेतूबद्दल शंका नाही. पण भूक लागलेल्याच्या हाती कंगवा द्यावा, तसला तो प्रकार होता.

गोदावरीनं फोनची ड्युटी बदलून घेतली. वॉर्डात ती जीव तोडून काम करत होती. दुसऱ्यांच्या पाळ्याही अंगावर घ्यायची. वॉर्डात हात चालत होते, तिथं बोलावं लागत नव्हतं. पण जूनच्या पहिल्या आठवड्यात पाळी फिरून पुन्हा तिच्यावर आली. ती त्या खोलीत बसली, नंबर फिरवला, पलीकडून एका म्हाताऱ्याचा 'हॅलो' आला. पेशंट बरा होता, ऑक्सिजन शहाण्णव होता, दोन इडल्या खाल्ल्या होत्या. एवढंच सांगायचं होतं. तिच्या तोंडून आवाजच फुटेना. म्हातारा 'हॅलो, हॅलो' करत राहिला, मग घाबरून रडायला लागला. शेजारच्या प्रभंजननं रिसीव्हर हिसकावून घेतला आणि मोडक्यातोडक्या मराठीत 'बरा हाय, बरा हाय' म्हणून त्याला शांत केलं.

त्या दुपारी प्राचार्यांनी तिला आठवडाभर घरी जायला सांगितलं. धोंडिबाला कुणाकडून तरी कळलंच. त्याचा फोन आला. "ये बघू गुमान," तो म्हणाला. "शिकलीस तेवढं बस झालं. तुझ्या जिवापेक्षा ती टोपी मोठी हाय काय?" ड्रायव्हरांसमोर मिरवणारा बाप हे म्हणतोय, याचं तिला फार वाईट वाटलं. आणि 'येते' म्हणायला जीभ किती आतुर झाली आहे, याचं त्याहून जास्त. आता गेले तर परत येणार नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं. पुढच्या आठवड्यात पुढचा आठवडा, मग परीक्षा बुडेल, मग एखादं स्थळ येईल. लोक म्हणतील, कोरोनानं पोरीचं शिक्षण गेलं. आणि ती मान हलवेल.

ती बॅग भरून वॉर्डच्या कृष्णाबाई सिस्टरांना सांगायला गेली. कृष्णाबाई हुबळीच्याच, तीस वर्षं नोकरी झालेल्या, निवृत्तीला आठ महिने राहिलेल्या. फोन उचलताना 'जय भीम, बोला' म्हणायच्या, मग पलीकडे मंत्री असो की मेव्हणा. त्या औषधांच्या ट्रेला लेबलं चिकटवत होत्या. गोदावरीनं दारातच सगळं सांगून टाकलं. अकरा वीस, अकरा चाळीस, झोपलेत, डबा. एका दमात सांगितलं, कारण थांबली असती तर उरलेलं आतच राहिलं असतं.

कृष्णाबाईंनी लेबल चिकटवून संपवलं. "सगळे तुला सांगतील, आय्तु बिडु. झालं, सोड आता. तू लहान आहेस, दमली होतीस, मुद्दाम केलं नाहीस." त्यांनी दुसरं लेबल घेतलं. "हे सगळं खरंच आहे. पण त्या बाईला नवऱ्याचं तोंड बघायला मिळालं नाही, तेही खरं आहे. आणि ते तुझ्यामुळं."

इतक्या दिवसांत हे पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं होतं. गोदावरीला रडू आलं, पण त्याच्याबरोबर पाय जमिनीला टेकल्यासारखंही वाटलं.

"मी तिच्याकडं जाते," ती म्हणाली. हे तिनं आधी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून बाहेर पडलं आणि मग ठरलं.

"हॉस्पिटल तुला पाठवत नाही," कृष्णाबाई म्हणाल्या. "पाठवणारही नाही. उद्या केस झाली तर मी म्हणेन, मला ठाऊक नाही. तुझ्या रजेत तू कुठं जातेस तो तुझा प्रश्न." मग म्हणाल्या, "ती हाकलून देईल. देऊ दे. आणि माफी मागायला जाणार असशील तर जाऊ नकोस. तिच्याकडं आधीच एक ओझं आहे, त्यावर आपलं ठेवू नये."

"मग कशाला जाऊ?"

"ते तुझं तू बघ. मी लेबलं लावते."

बस बंद होत्या. धारवाडहून अळणावरकडं जाणाऱ्या दुधाच्या गाडीत, रिकाम्या कॅनशेजारी जागा मिळाली. ड्रायव्हरनं मास्क वर ओढला, ती हॉस्पिटलातून आली हे ऐकून काच खाली केली, आणि अळणावरपर्यंत एक शब्द बोलला नाही. तिचं घर अळणावरच्या अलीकडं, वाटेतच होतं. गोदावरी तिथं उतरली नाही. घरी आईनं भाकरी वाढली असती, बापानं डोक्यावरून हात फिरवला असता, आणि पुढं जाणं झालं नसतं. अळणावरहून ती वाडीपर्यंत चालत गेली. दीड तास लागला. वाटेत तिनं काय बोलायचं ते दहा वेळा जुळवलं. 'मावशी, मी गोदावरी. मला तुम्हाला काही सांगायचं आहे.' असं सुरू करायचं. आधी नाव, मग चूक.

हिराबाईचं घर विचारायला लागलं नाही. वाडीत कोविडनं गेलेलं एकच माणूस होतं, आणि त्या घराच्या वाटेवर गवत माजलं होतं. लोक अजून तिकडून जात नव्हते. हिराबाई सोप्यात बसून सुपात भाताचं बी पाखडत होती. बुटकी, काटक बाई. गोदावरी अंगणाच्या कडेला थांबली.

"मावशी, पाणी मिळंल काय?" ती म्हणाली. जुळवलेल्यातलं एक अक्षर आठवलं नव्हतं.

सूप थांबलं. हिराबाईनं मान वर केली नाही.

"झोपलेत म्हणणारी तूच न्हवं?" ती म्हणाली. "आवाज वळखतो मी."

त्या बाजूच्या बायका 'आलो, गेलो'च म्हणतात. हुबळीत राहून गोदावरीनं ती सवय मोडली होती. आता ती आपसूक परत आली.

"व्हय. मीच," ती म्हणाली. "सांगायला आलो."

"काय सांगणार?"

"मी फोन केला तवा मामा झोपले नव्हते. गेले होते."

 हिराबाईनं सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"किती वेळ झालेला?"

"वीस मिनिटं."

"म्हंजे मी तांदूळ धुवायच्या आधीच," हिराबाई म्हणाली. हे तिनं गोदावरीला सांगितलं नाही, स्वतःशीच जमवून बघितलं. "जेवले न्हाईत म्हणालीस. म्हटलं, दवाखान्याचं जेवण गोड लागत नसंल. पेज घातली चुलीवर. दीर म्हणत होता, चल गे वैनी, पास मिळालाय, गाडी उभी हाय. मी म्हटलं, थांबा, शिजू दे, झोपलेत तवर काय घाई. गरम न्यायची म्हणून फडकं गुंडाळलं डब्याला." मग तिनं पहिल्यांदा वर बघितलं. "पेज शिजवत बसलो मी. तू मला सांगितलं असतंस तर पेज कशाला शिजवली असती? अनवाणी आलो असतो. दोनला पोचलो असतो. तोंड बघितलं असतं मी त्यांचं."

"व्हय," गोदावरी म्हणाली.

"व्हय काय म्हणतीस?"

"तुम्ही पोचला असता. माझ्यामुळं न्हाई पोचला."

हिराबाई उठली. सूप कलंडलं, बी सोप्यात सांडलं. "जा," ती म्हणाली. "नीघ इथनं. पाणी पण मिळणार न्हाई तुला. जा."

गोदावरी वळली. कृष्णाबाईंनी हे सांगितलेलंच होतं, पण ऐकलेलं आणि सोसलेलं यांत फरक असतो. अंगण ओलांडून ती वाटेवरच्या गवतापर्यंत गेली. आपण सांगितलं, आता आपलं काम संपलं, असं तिला वाटायला हवं होतं. वाटलं नाही. काहीतरी अर्धंच राहिलं होतं आणि काय ते कळत नव्हतं. पळून जावंसं फार वाटत होतं, म्हणूनच ती तिथं उभी राहिली. हाकलली गेल्यावर दारात उभं राहणं याला आपल्याकडं निर्लज्जपणा म्हणतात. तो तिनं केला.

बराच वेळ गेला. मागून आवाज आला, "अजून हायस?"

"हाय."

"हिकडं ये."

हिराबाई सांडलेलं बी गोळा करत होती. गोदावरी तिच्यासमोर बसली आणि आपणही दाणे वेचायला लागली. हिराबाईनं तिला अडवलं नाही.

"गेटवरचा बाबा कानडीत म्हणाला, बॉडी गेली," हिराबाई म्हणाली. "दीर म्हणाला, चल घरी. मग सरकारी कागद आला, तो पोस्टमननं कुंपणावरनं टाकला. माणसं लांबनं बघून जातात. पण तुझा नवरा मेला, असं माझ्या तोंडावर मला अजून एकानं बी सांगितलेलं न्हाई. महिना झाला. सकाळी उठलं की वाटतंय, फोन यील, जेवले म्हणून." तिनं ओंजळीतलं बी सुपात टाकलं. "ते सांगायचं काम तुझं होतं. व्हय का न्हाई?"

"माझंच होतं."

"मग सांग."

गोदावरीचे वेचणारे हात थांबले.

"फोन केल्यागत सांग," हिराबाई म्हणाली. "जसं सांगायला पायजे होतं तसं."

गोदावरीच्या घशात तेच झालं जे त्या म्हाताऱ्याच्या फोनच्या वेळी झालं होतं. शब्द तिथं होते आणि वर येत नव्हते. हिराबाई वाट बघत होती. घाई करत नव्हती, मदतही करत नव्हती. गोदावरीनं मूठभर बी घट्ट धरलं आणि बोलली.

"मावशी, मी गोदावरी बोलतो. दवाखान्यातनं." आवाज चिरकला, तिनं तो सावरला नाही. "महादेवमामा आज सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी वारले. तीनला गाडी यील. त्याच्या आधी आलात तर तोंड बघायला मिळंल. मी फोन ठेवत न्हाई. तुमास्नी काय इचारायचं ते इचारा."

हिराबाईनं डोळे मिटले. ती अजून रडली नव्हती. तिच्या ओठांची नुसती हालचाल होत होती, आकडे म्हटल्यासारखी, अकरा वीस, अकरा वीस.

"तरास झाला काय त्यांना?" तिनं विचारलं.

हा प्रश्न गोदावरीनं जुळवलेल्या बोलण्यात नव्हताच. आणि त्याचं उत्तर तर तयारच असतं. 'न्हाई मावशी, शांत गेले. झोपेतच गेले.' सगळे हेच सांगतात. पाठ्यपुस्तकातही जवळजवळ हेच लिहिलंय. ऐकणाऱ्यालाही हेच हवं असतं, आणि कुणाचं काही बिघडत नाही. गोदावरीच्या जिभेवर ते वाक्य आलंही होतं. हिराबाई डोळे मिटून त्याची वाटच बघत होती.

"झाला," गोदावरी म्हणाली. "श्वास घ्यायला लई तरास झाला. शेवटचा अर्धा तास. भ्यालेले होते. मास्क काढून टाकायला बघत होते."

हिराबाईच्या तोंडून एक आवाज निघाला. मग ती रडली. बसल्या जागी, कपाळ गुडघ्यावर टेकून, महिनाभराचं एकदम रडली. गोदावरीला वाटलं, आपण पुन्हा चुकलो, या खेपेला खरं बोलून. तिनं हिराबाईच्या पाठीला हात लावला नाही, कारण तो हक्क आपला आहे असं तिला वाटेना. ती उठूनही गेली नाही. शेजारच्या घरातल्या बायका कुडापाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यातली एक मास्क सावरत अंगणात आली, मग दुसरी.

हिराबाईनं पदरानं तोंड पुसलं. "त्या टायमाला कोण होतं त्यांच्यापाशी?"

"मी होतो. दोन्ही हात धरून बसलेलो. मास्क काढू नयेत म्हणून धरले, मग तसेच धरून ठेवले."

"काय म्हणाले काय?"

"मास्कमुळं कळत नव्हतं. एकदा तुमचं नाव घेतलं. बाकीचं मला समजलं न्हाई."

हिराबाई तिच्याकडं बघत राहिली. तिचे हात बघितले, धुऊन धुऊन सालं निघालेले. तिला खोटं सांगणारी हीच पोर होती, आणि आता हिनंच तिला तडफडणं सांगितलं होतं, भीती सांगितली होती, आपल्याला समजलं नाही तेही सांगितलं होतं.

"म्हंजे एकटे न्हवते," हिराबाई म्हणाली.

"न्हाई. एकटे न्हवते."

आणि हे हिराबाईला खरं वाटलं. तिनं मान हलवली, उठली, आत गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली.